निळ्या खुणेचा नळ

युमात जुलै महिन्यात निळ्या खुणेचा नळ सोडला
तरी बोटं भाजतात.
मिसेस ऑरकट म्हणाल्या, लाल नळ आता काढूनच टाका,
चहा निळ्यावरही होतो.
रोसेंडो हसला नाही.
गुडघा धरून खाली बसला,
गिझरच्या टाकीला कान लावला.
आत रटरट चाललेली,
पिठलं चुलीवर विसरल्यासारखी.
मी टॉर्च धरलेला. त्याचेच मला तासाला सोळा डॉलर.

टाकीच्या पत्र्यावर मार्करने तारखा:
मार्च नऊ, मार्च दहा, मार्च अकरा,
दरवर्षी टाकी धुतल्याची नोंद,
शेवटची मार्च सोळा.
त्याखाली पत्रा कोरा.
"डेलबर्टचं अक्षर," त्या म्हणाल्या,
आणि आम्ही दोघं उगाच पाने मोजत राहिलो.

तळाची तोटी उघडली, थेंब नाही.
तार घातली तेव्हा खडे आले,
अंड्याच्या टरफलासारखे पांढरे, अर्धी बादली.
नदी वाटेत भेटेल तो डोंगर चाटत येते,
रोसेंडो म्हणाला,
आणि इथे तापली की चाटलेलं सगळं ठेवून जाते.
जूनमध्ये त्याला मुतखडा झाला होता.
तो नदीलाच दोष देतो.

माळ्यावर दुपारी चढू नये.
चढलो. दहा मिनिटं वर, दहा खाली,
डोक्यावर ओला टॉवेल.
प्लॅस्टिकचा पाइप पडवळासारखा लोंबत होता,
रबराचे वॉशर
हात लावताच बिस्किटासारखे चुरले.

मग भिंतीतला तांब्याचा पाइप कापला, वीतभर.
बाहेरून धडधाकट.
आत भोक म्हणावं तर मोहरीएवढं.
एवढ्याशा वाटेने ती आंघोळ करत होती,
भांडी घासत होती,
एका कुंडीला पाणी घालत होती,
आणि धार बारीक झाली म्हणून
वेळ वाढवत होती, एवढंच.

तुकडा तिने मागून घेतला.
डोळ्याला लावून दाराकडे पाहिलं.
काय दिसलं ते आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी नवी टाकी बसली.
रोसेंडो बिल लिहीत होता, गाडीत एसी लावून.
तिने ड्रॉवर उघडला, बंद केला, दुसरा उघडला.
मार्कर सापडला. टोपण घट्ट बसलेलं,
दातांनी काढलं, माझ्यापुढे धरला:
"तुझं अक्षर बरं आहे का रे?"

मी पत्रा बाहीने पुसला.
जुलै, आणि वर्ष.
जरा तिरकं आलं.