गार दगड

पटावर एकसष्ट. बाकं वीस.
तिघं तिघं बसली की उरतो एक.
तो ख्वाबाने.
मेंढ्या उतारावर सोडून उशिरा येतो,
घोंगडीला शेणकुटाच्या धुराचा वास,
आणि दाराजवळच्या बाकाच्या टोकावर
अर्धा हवेत बसतो, एक पाय जमिनीवर रोवून.
त्याला "हलू नकोस" म्हणायला
माझी तरी जीभ रेटत नाही.

मी मासेचाबा. मोखोतलोंगच्या वर,
रस्ता संपून खेचरांची वाट लागते तिथे शिकवते.
अठरा वर्षं झाली. पहिली सहा छडीवर काढली.
छडी अजून आहे. खिडकीची बिजागरी गेली
त्या दिवशी तिला तिचं काम सापडलं:
झडप उघडी धरून उभी असते.

नियम चार. मी केलेले नाहीत.
बाजारात बकरी विकावी तशी घासाघीस करून
एका दुपारी मुलांनीच केले. आधी सदतीस होते.
"बाईंना घाबरावं" हा मीच खोडला,
तर दोघं-तिघं हिरमुसली.
चौथा पालेसाचा. वय सात, पुढचे दात पडलेले:
कुणीही कुणावर ओरडू नये.
"कुणीही," ती परत म्हणाली,
आणि माझ्याकडे बघत राहिली.

नियम मोडला तर दगड.
सेंकू नदीतला, काळा, मुठीत मावेल एवढा,
रात्रभर खिडकीत पडून असतो,
जूनमध्ये हाताला चावतो.
तो घ्यायचा, दाराशी उभं राहायचं,
त्याला ऊब येईपर्यंत.
मग ठेवून द्यायचा. जागेवर यायचं.
का, कसं, पुन्हा करशील का,
कुणी काही विचारायचं नाही.
मुलं म्हणतात, रागावलेल्याच्या हातात तो लवकर तापतो,
उगाच हसणाऱ्याला वेळ लागतो.
असेल. मी कधी धरला नव्हता.

तपासनीस आले होते. वहीत लिहून गेले:
"शिक्षेची नोंद आढळली नाही."
ही शाबासकी की ठपका,
मुख्याध्यापकांनाही सांगता येईना.

मग तो मंगळवार.
रात्रभर आई खोकत होती, मी जागीच.
वाऱ्याने पत्रे थडथडत होते,
साताचा पाढा माझ्याच कानांपर्यंत पोचत नव्हता,
आणि ख्वाबानेने शीळ घातली.
लांब, दोन वळणांची, सबंध वर्ग चिरत गेली.
निम्मी मुलं खिदळली.
मी ओरडले.
काय ओरडले ते इथे लिहिणार नाही.

पालेसा उठली.
दगड दोन्ही हातांनी आणला,
भरलेली वाटी आणावी तसा, सांडू न देता.

मी दाराशी उभी.
खडूने कोरडी पडलेली बोटं, त्यांत रक्तच नाही,
दगड काही केल्या तापेना.
अठरा वर्षांत मिळाली नव्हती इतकी शांतता,
आणि मला तिचा काही उपयोग करता येईना.

"मे," ख्वाबाने हळूच म्हणाला,
"मूठ आवळू नका. काखेत धरा.
गारठलेलं कोकरू धरतात तसं."

धरला.
तिथून, दारातून, पहिल्यांदा दिसलं
त्याला बाकाच्या टोकावरून रोज दिसतं ते:
छडीने उघड्या धरलेल्या खिडकीपलीकडे
उतार, उताराखाली घळ, घळीच्या काठावर बर्फ,
आणि काठापासून चार पावलांवर
माघारी वळलेल्या मेंढ्या,
माना वर करून शाळेकडे बघणाऱ्या.

तो काही बोलला नाही. मीही नाही.
कुणी काही विचारायचं नाही, हे ठरलेलंच होतं.
दगड कोमट झाला की नाही, नक्की आठवत नाही.
पालेसाने हात लावून पाहिला
आणि मान डोलावली,
तेव्हा झाला असावा.

दुसऱ्या दिवशी ख्वाबानेला खिडकीशी बसवलं.
बाकं वीसच.
साता आठे, मी विचारलं.
छप्पन, तो म्हणाला, बाहेर बघत,
अर्धा हवेत.