ठसका

हर्षालीच्या बापाने उधन्याहून फोन केला:
दहावीचं वर्ष, पोरीच्या हातात मोबाईल, तू दिवसभर पथारीवर.
शेठच्या मुलाने एक ॲप सांगितलंय, टाकून घे.
साडीच्या मिलमध्ये बारा तास उभं राहून
तो एवढीच काळजी पाठवू शकतो.
पैसे दहा तारखेला.

नंदुरबारात स्टेशन रोडवरच्या दुकानातल्या पोऱ्याने
दीडशे रुपये घेतले
आणि दोन्ही फोन एकमेकांना बांधून दिले.
म्हणाला, मावशी, रोज रात्री नऊला रिपोर्ट येईल,
कुठे गेली, काय बघितलं, सगळं.
मग त्याने माझा अंगठा मागितला.

अंगठा लागला नाही.
रेशनच्या मशीनवरही लागत नाही तो.
एकवीस हंगाम देठं खुडली,
बोटांवरच्या रेघा मिरचीने कधीच खाऊन टाकल्या.
शेवटी आकडे टाकले: हर्षालीची जन्मतारीख.

रात्री नऊला फोन थरथरला.
रिपोर्ट आला.
इंग्रजीत.

भाकरी तव्यावर करपेपर्यंत मी तो बघत राहिले.
मग तिलाच हाक मारली,
"वाच व माय, काय लिखेल शे?"

तिने वाचलं.
आपलीच झडती आपल्याच तोंडाने,
शाळेत परिपाठाला बातम्या वाचतात त्या आवाजात:
एकूण वापर तीन तास बारा मिनिटं.
गणिताचे व्हिडिओ, चाळीस मिनिटं. मेंदीचे, पंचावन्न.
साडेचारला क्लास. पाच-पन्नासला घर.
"तीन तास?" मी म्हटलं.
"हो ना," ती म्हणाली.
खोटंच बोलायचं असतं तर एक म्हणाली असती.

तेव्हापासून रोज असंच.

पण मोजणं मला येतं.
दिवसाच्या टोपल्या मी मुकादमाच्या आधी मोजते.
बुधवारी रिपोर्टात अकरा ओळी होत्या,
तिने दहा वाचल्या.
सहावीवरून थेट आठवीवर गेली,
चिखल बघून पाय लांब टाकावा तशी.

ती झोपल्यावर तिचीच पेन्सिल घेतली,
लाईट बिलाच्या पाठीवर सातवी ओळ उतरवली.
अक्षरं नव्हेत, आकार:
एक खुंटी, एक वाटोळं, दोन विळे, पुन्हा वाटोळं.
सकाळी कागद कमरेला खोचून
काट्यावरच्या बाबूपुढे उभी राहिले. त्याला इंग्रजी येतं.
"काय व बाई?"
समोर मैलभर लाल पसरलेलं, वारा नव्हता.
"पाण्याचा माठ कुठे ठेवलाय?" मी विचारलं.

मी सोळाची होते तेव्हा
बापाने माझी पेटी उपसली, अंथरूण झटकलं,
पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघितला.
कोपऱ्यातल्या मिरचीच्या पोत्यात मात्र
कोणी हात घालत नाही.
त्यात माझा एक फुटका आरसा होता, एक चिठ्ठी
आणि शिरपूरच्या एस्टीचं तिकीट,
ज्या गाडीत मी चढले नाही.
बोटं चार दिवस भाजायची.
आई विचारायची, एवढं काय खुडलंस गं?

भीती गेली, असं नाही.
रात्री दोनदा उठते, तिच्या उशाचा उजेड बघते,
कुठल्या तरी गावच्या पोरीची बातमी आठवते
आणि पुन्हा आडवी होते, झोप येत नाही.
ते बिल मी भरलं. पावती ठेवली.
कागद घरच्या पोत्यात खाली सरकवला.

आज नऊ वाजले. ती वाचायला बसली.
चौथी. पाचवी. सहावी.
आवाज जरासा थांबला
आणि मला नेमका ठसका लागला.
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले.
ती उठली, तांब्या आणला, पाठीवरून हात फिरवला.
"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं, "पुढे वाच."

तिने माझ्याकडे बघितलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त.
मग आठवीपासून वाचू लागली.