ओनेसिमोची काठी

आग डोंगर उतरून गेली तेव्हाही ओढा वाहतच होता,
हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.
घोट्याएवढं पाणी, थंड, तळाचे गोटे मोजता यावेत इतकं नितळ.
वर डोंगर तेवढा राहिला नव्हता.

मी पेल्यानं पाणी ओतत हिंडले उतारावर,
कामच ते माझं, सरकारी.
राखेखाली बोटभर माती मेणचटलेली:
पाइनच्या सुयांचं तेल वाफ होऊन खाली उतरलं होतं
आणि कणाकणाला धरून बसलं होतं.
थेंब जिरेना. अळवावर लोळावा तसा लोळत राहिला.
घड्याळ लावलं. एक मिनिट. चार. नऊ.
"आम्ही पाहुण्याला इतका वेळ दारात ठेवत नाही,"
ओनेसिमो आर्चुलेता म्हणाला.

तो इथला पाटकरी. न्यू मेक्सिकोतल्या एका अरुंद खोऱ्यातला
सव्वीस घरांचा पाट त्याच्या हाती,
आणि हातात बापानं तासलेली जुनिपरची काठी, सात खाचांची.
तिसऱ्या खाचेला पाणी आलं की खालच्या मिरचीची पाळी,
पाचवीला आलं की दार पाडायचं.
सातवी भिजलेली कुणी पाहिली नव्हती.

जुलैत एका दुपारी वीस मिनिटं पाऊस झाला,
गावात नाही, वर, जळल्या भागात.
गावात ऊन होतं. फेलिसितास दोरीवर चादरी घालत होती.
आधी वास आला, पाणी मारून विझवलेल्या चुलीचा.
मग जमीन हलल्यासारखी झाली.
मग जे आलं त्याला पाणी म्हणवेना:
तोंडाशी ओंडके, मागे बैलाएवढे धोंडे,
आणि ते गडगडत नव्हते,
काळ्या चिखलानं उचलून धरलेले, अलगद येत होते.

दुसऱ्या दिवशी ट्राउट मासे सापडले कुंपणाला अडकलेले,
कल्ल्यांत राख.

ओढ्याच्या दोन्ही काठांना मी लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या,
त्यांच्यामध्ये फीत ताणून दर वर्षी तळ मोजायचे.
एकच सापडली. तिच्यापाशी तळ सव्वा मीटर वर आलेला.
वरच्या घळीत उलटं: ओढ्यानं स्वतःलाच खणत
थेट कातळ गाठलेला.
मुळं सुटली की उताराला धरायला काही उरत नाही,
असं मी अहवालात लिहिलं, जरा वेगळ्या शब्दांत.

पाट उपसला, बारा फावडी, चार दिवस.
पुढच्या सरीनं भरला.
पुन्हा उपसला.
तिसऱ्यांदा ओनेसिमोनं काठी रोवली आणि हात काढून घेतला.
काठी उभीच राहिली.

ऑगस्टअखेर मी त्याला घळीत नेलं.
ताज्या कापलेल्या भिंतीत, दीड पुरुष खाली,
कोळशाची एक रेघ होती, बोटाएवढी जाड.
तिच्यावर रेती, रेतीवर धोंडे, धोंड्यांवर चिकणमाती.
म्हणजे हे आधीही झालं होतं.
आणि रेघेच्या खाली वाटीसारखा एक आकार,
बारीक गाळानं काठोकाठ भरलेला.
मी काही बोलले नाही. त्यानं तो तळहातानं मापला,
एकदा रुंदीला, एकदा खोलीला.
"पाट आहे," म्हणाला. "कुणाचा तरी."
मग बऱ्याच वेळानं, "घरी कुणी कधी बोललं नाही."

बैठकीत फेलिसितास म्हणाली, खणू, नेहमीसारखं.
तिचा पुतण्या म्हणाला, पाइप टाकू.
कुणी म्हणालं, दार वर, कातळावर नेऊ,
आणि त्याचा खर्च कोण देणार यावर कॉफी गार झाली.
ओनेसिमो मागच्या बाकावर होता.
त्यानं काठी उलटी धरली होती
आणि खिशातल्या चाकूनं कोऱ्या टोकाला एक खाच पाडत होता,
मांडीवर सालपटं.

गाळाची, त्यानं सांगितलं, ही पहिली.
पाण्याच्या त्या बाजूला आहेतच.