पुरेसं आहे का, एवढंच

तेमा बंदर, वजनकाट्याची केबिन, रात्रपाळी.
हरमॅटनची धूळ काचेवर इतकी
की ट्रक आधी ऐकू येतो, मग दिसतो.
दोन ट्रकांच्या मधे मी परीक्षेचं पुस्तक उघडते.
अकरा दिवस उरलेत.

दोन अंकी संख्या कोणती?
विधान एक: अंकांची बेरीज नऊ.
विधान दोन: अंक उलटे केले की संख्या सत्तावीसनं वाढते.

सुरुवातीला मी थेट उत्तरावर झेप घ्यायचे.
संख्या शोधायची, खाली दोन रेघा मारायच्या,
आणि पर्यायांत ती नसायचीच.
शिकवणीचे मिस्टर क्पोदो चष्मा पुसत म्हणायचे,
"झिफा, संख्या तुला विचारली कोणी?
ती कळण्याइतकं हातात आहे का, तेवढं सांग.
आणि दुसरं विधान वाचताना पहिलं विसर.
खरंच विसर. तळहातानं झाक."

झाकते.
बेरीज नऊ होणाऱ्या नऊ जणी, अठरापासून नव्वदपर्यंत. अपुरं.
सत्तावीसनं वाढणाऱ्या सहा: चौदा, पंचवीस, छत्तीस आणि पुढच्या. अपुरं.
तळहात उचलला की दोन्ही रांगांत उभी एकच.
पुरेसं.
तिचं नाव घ्यायचंही कारण नाही.

आग्बेकोचा ट्रक काट्यावर चढतो, तांदळाची पोती.
शेवटचा अंक लुकलुकत राहतो,
इंजिन थरथरतंय म्हणून, की तो सीटवर चुळबुळतोय म्हणून.
"किती?" तो खिडकीतून ओरडतो.
त्याला "कळू शकेल" चालत नाही, त्याला किलो हवेत.

एन्योनाम आबिजानला गेली तेव्हा
स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं नंबर लिहून गेली.
कापडाच्या गाळ्यावरून आम्हा बहिणींचा छत्तिसाचा आकडा,
म्हणून मी तो उतरवून घेतला नाही.
आठ अंक अजून शाबूत आहेत.
शेवटचे दोन कडीजवळ होते.
मी पुसले नाहीत.
फक्त दार लोटताना माझा हात रोज नेमका तिथे पडायचा,
सहा वर्षं.

आईला विचारलं. म्हणाली, "दोघांची बेरीज नऊ.
आपल्या गाळ्याचा नंबर ना, म्हणून लक्षात."
मग तीन दिवसांनी, कसावा सोलता सोलता, मान वर न करता,
"शेवटचा थोरला होता."
आणखी काही?
"आणखी काय? तू विचारलंस कधी?"

मी सवयीनं तळहात ठेवला, उचलला.
पुस्तकात दशमस्थानी शून्य बसत नाही,
फोनमध्ये खुशाल बसतं.
शून्य नऊ. एक आठ. दोन सात. तीन सहा. चार पाच.
दोन्ही विधानं मिळूनही अपुरी, सर.
शेवटचा पर्याय.

पण सर, पाचच आहेत!
पाच म्हणजे एका कार्डातला बॅलन्स,
पाच म्हणजे केंकी संपायच्या आत होणारं काम.
तुमच्या पेपरात याला गुण नाहीत, ठाऊक आहे.

शून्य नऊ: असा नंबर नाही, असं एक बाई फ्रेंचमध्ये सांगते, पुन्हा सांगते.
एक आठ: म्हातारा माणूस, मागे बकऱ्या,
त्याला फोन ठेवायचा नव्हता.
दोन सात: बंद.

तीन आणि सहा.
वाजतोय.
पलीकडे तीच निघाली तर काय बोलायचं,
याबद्दल माझ्याकडे विधान एकही नाही, दोनही नाही.
खाली एक गाडी काट्यावर चढते,
दिवे काचेवर, धूळ पिवळी,
आणि समोरचा शेवटचा अंक लुकलुकतोय,
अजून ठरत नाहीये.