वरची कवळी

परवा पुण्याहून दोन पोरं आली.
काळ्या टी-शर्टवर गुणवंत हेडाऊंचा चेहरा छापलेला,
बुबुळं पांढरी, हनुवटीवरून ओघळ.
म्हणाली, काका, त्यांचे सुळे तुमच्याकडे आहेत म्हणे.

मी म्हटलं, आधी कूलरसमोर बसा.
मे महिना. सदरमधली माझी खोली
दुपारी भट्टी होते, मेण बोटांना सोडत नाही.

मी कवळ्या करतो, एकेचाळीस वर्षं झाली.
डॉक्टर माप पाठवतात, मी दात बसवतो,
माणूस सहसा दिसत नाही.
हेडाऊ स्वतः आले, दारात वाकून.
या दाराला वाकावं लागलेला
दुसरा कोणी मला आठवत नाही.
म्हणाले, "भाऊ, सुळे घासून लहान करा.
अजून लहान.
नातीला घास भरवाचा हाये, ते पायते माह्या तोंडाकडं."

तेव्हा ओळखलं.
नववीत रात्रीच्या खेळाला चोरून गेलो होतो.
विहिरीच्या काठावर आधी पंजा आला,
मग तो जबडा.
पुढे आठ दिवस मी मागच्या अंगणात
एकटा लघवीला गेलो नाही.

माप मीच घेतलं. नियमात बसत नाही, पण घेतलं.
लगदा टाळूला लागला तसे
त्यांनी डोळे गच्च मिटले
आणि माझं मनगट धरलं,
इंजेक्शनला भिणारं पोर धरतं तसं.
हिरडी झिजलेली. डावीकडे खर्ऱ्याचा डाग.

वाडीच्या जकात नाक्यावर चोवीस वर्षं पावत्या फाडल्या त्यांनी.
मुंबईचं विचारलं तर एवढंच सांगत,
तोंडावर रबर चढवायला चार तास,
तेवढा वेळ नळीनं ताक.
पैसे निम्मे मिळाले, निम्मे अजून यायचे आहेत.
परत आले त्या सकाळी
गोळीबार चौकातल्या घरी बाप मागावर होता.
मान वर न करता म्हणाला,
"आला का? उंच हायेस, ते वरची दोरी बांधून दे."
त्यांनी बांधली.

मारबतीच्या दिवशी पोरं
मुद्दाम त्यांच्या दारापुढे थांबायची,
हेडाऊचं भूत घेऊन जा गे मारबत!
ते बाहेर येत, हातात बादली आणि पेला,
नाचून घामाघूम झालेल्यांना पाणी पाजत.
एकदाच मला म्हणाले,
"नेऊन टाकाचंच होतं तं आधी सांगाचं ना बे.
चप्पल तरी घातली असती."
हसले. मग बराच वेळ
खिडकीतून रस्ता बघत बसले.

मागच्या जानेवारीत कवळीला चीर गेली.
टाकून गेले, म्हणाले, गुरुवारी नेतो.
गेले बुधवारी.
गंगाबाई घाटावर गाल आत बसलेले,
कोणीतरी मोबाइल वर धरून म्हणालं,
बघ, आत्ता खरा दिसतोय.
नात माझ्यासमोर उभी होती, अकरा-बारा वर्षांची.
माझ्या शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेली कवळी,
चीर भरलेली, पॉलिशसुद्धा केलेली.
कोणाला द्यावी, कसं म्हणावं, सुचेना.
तशीच घरी आणली.

पोरं अजून वाट बघत होती.
मी सांगितलं, सुळे मीच घासले, बाबांनो.
पूड झाली, झाडूनं गेली.
ते खोटं नव्हतं.
फळीवरची झाकणाची वाटी दाखवली नाही.
कवळी कोरडी पडली की वाकडी होते,
म्हणून दर सोमवारी पाणी बदलतो.
कोणाच्या तोंडासाठी, ते विचारू नका.

एकानं माझ्या खुर्चीचा फोटो काढला.
दुसरा काही बोलला नाही.
उंचीनं बेताचाच होता,
पण जाताना दारात
उगाच वाकला.