जुंबेरचा पट्टा

रुस्तावीच्या व्यायामशाळेत हीटर बंद.
बोटभर जाड चामडं, अजून ताठ;
जुंबेरचं पाचवं भोक ताणून लांबट झालेलं,
एतेरीला पहिलंही सैल.

चांभाराने आरीने नवं पाडून दिलं.
म्हणाला, उचलतेस किती?
एकशे चाळीस.
तो नुसता आरी पुसत राहिला.

"इतका आवळू नकोस गं,
श्वास कुठे ठेवशील?
पोटात भर, पट्ट्याला आतून ढकल.
तो काही उचलत नाही,
रेटायला भिंत आहे, एवढंच."

साठला पट्टा खुंटीवर.
शंभरलाही.
मग खडू, मग बक्कल,
मग लोखंड जमीन सोडतं
आणि चामडं कुरकुरतं.

कोपऱ्यात जुंबेर,
आपल्याच मोकळ्या पोटावर हात दाबून,
श्वास धरून उभा.
ती खाली ठेवेपर्यंत
सोडत नाही.