आधी हवा येते

आमच्या यादोगोपाळ पेठेत पाणी कधी येतं
ते पाणी सोडणाऱ्यालाही नक्की माहीत नसावं.
पावणेपाच म्हणतात.
कधी सव्वाचार, कधी सहा वाजून गेलेले,
परवा तर आलंच नाही,
नळ नुसता खोकून गप्प बसला.

म्हणून मी यंत्र करायला घेतलं.
साडेतीनशेचा बोर्ड, एकशे चाळीसचं चक्रीवालं मीटर,
श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा,
ज्याचा वेलचीचा वास अजून गेलेला नाही,
सायकलच्या ट्यूबमधून कापलेला वायसर,
आणि एक प्रोग्रॅम, फुकट,
कुणीतरी लिहून जगाच्या ओट्यात टाकलेला.

फुकट म्हणजे किती रविवार
ते आमच्या घरी विचारू नका.

पहिला गेला बोर्ड लॅपटॉपला दिसेना म्हणून.
दुसऱ्या रविवारी संध्याकाळी कळलं
की केबलच नुसती चार्जिंगची होती.
मग एक अपडेट केलं तर दुसरं रुसलं,
दुसऱ्याची समजूत काढली
तर तिसरं बोचकं घेऊन माहेरी.
पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात
लोकांचे सातबारे काढता काढता
मी मनात एकच ओळ घोळवायचो, चूक क्रमांक एकशे सत्तावीस,
आणि एका माणसाला त्याच्या आधार कार्डाच्या
एकशे सत्तावीस प्रती काढून दिल्या असत्या,
तो ओरडला म्हणून बरं.

कऱ्हाडचा नौशाद मुलाणी डाख द्यायला येतो.
पॉलिटेक्निकला आहे, हात दगडासारखा स्थिर.
माझा डाख बघून म्हणाला,
काका, हे जोडलंय का चिकटवलंय?

रात्री प्रोग्रॅम उलगडून वाचत बसलो.
मधेच एका जागी, लिहिणाऱ्याची स्वतःसाठी चिठ्ठी:
हे तात्पुरतं आहे, नंतर नीट करतो.
सहा वर्षांपूर्वीची तारीख.
त्यानंतर त्याचं काहीच नाही, एक टिंबसुद्धा.
कुठल्या देशातला, बाई की बाप्या, काय झालं त्याचं.
मला आमच्या न्हाणीतली फळी आठवली,
दिवाळीपासून एका खिळ्यावर लोंबकळणारी.

अखेर एका पहाटे, चार वाजून अकरा मिनिटांनी,
डबा वाजला.
सगळं घर उठलं. बादल्या, पिंप, कळशी, मुलीची पाण्याची बाटलीसुद्धा.
नळ सुसूऽऽ करत राहिला. पाणी नाही.
हवेनंच चक्री गरगर फिरवली होती.
तीन दिवस असंच.
चौथ्या दिवशी वैजयंती कुशीवर वळत म्हणाली,
तुझं यंत्र हवेवर चालतं, तुझ्यासारखंच.

मग हवा ओळखून गप्प बसायचं यंत्राला शिकवलं.
अकरा ओळी, दोन रविवार.
आता ते अगदी खरं पाणी आल्यावरच वाजायचं,
आणि आम्ही डोळे चोळत पोचेपर्यंत
निम्मा जोर ओसरलेला.

शेजारच्या सुगंधाकाकू घोरपडे कठड्यावरून सगळं बघत होत्या.
म्हणाल्या, अरं, आधी हवाच येती की.
चढावरची पेठ आपली.
हवा आली की उठायचं, पिंप विसळायचं,
कालचं पाणी गवती चहाला घालायचं,
तवर पाणी येतंय.
पाणी आल्यावर उठून काय आरती करायची?

त्या रात्री अकराच्या अकरा ओळी खोडल्या.
त्या जागी एकच चिठ्ठी लिहिली, मराठीत:
इथं आधी हवा येते. तिला चूक समजू नये.
जुन्या लॅपटॉपवर अक्षरं फुटली,
वेलांट्या एकीकडे, चौकोन दुसरीकडे.
तशीच ठेवली, आणि बदल
त्या न परतलेल्या माणसाच्या पत्त्यावर पाठवून दिला.
कुठेतरी आणखी एखादी चढावरची पेठ असेलच.

उत्तर आलेलं नाही.

यंत्र तेव्हापासून बरं चाललंय. म्हणजे चाललं होतं.
आज पहाटे बॅटरी उतरली,
आणि काकूंनी मधल्या भिंतीवर
उलथनं वाजवलं.